नऊ चित्रांची पेटी

बाई,

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला. तुम्ही मला मुलांच्या खोलीत न नेता थेट स्वयंपाकघरात बसवलंत, कारण टेपरेकॉर्डर तिथेच होता, डाळीच्या डब्यांच्या रांगेत. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं तुमचं घर तेव्हा अर्धं घर आणि अर्धी शाळा होतं. पुढच्या दोन खोल्यांत साध्या शाळेत न टिकलेली अकरा मुलं, मागे तुम्ही. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले होते, आणि कुणाच्याही घरी चहा संपेपर्यंतच थांबायचं असा माझा नियम होता. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, पंधरा मिनिटांचं काम. मी स्क्रू आवळत होते तेव्हा तुम्ही भाकरी थापता थापता मला विचारलंत, "तुला माणसांचं दुरुस्त करता येतं का गं काही?" मी म्हणाले, नाही. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. ज्यांना येतं असं वाटतं ते फार त्रास देतात."

मग तुम्ही तो खेळ दाखवलात. एका ताटात नऊ वस्तू, तीन ओळींत मांडलेल्या: चमचा, लिंबू, किल्ली, बटण, खडू, बांगडी, काडेपेटी, सुपारी आणि एक शेंग. ताटावर वेताची टोपली उपडी. मूल समोर बसलं की टोपली उचलायची, लगेच परत ठेवायची आणि विचारायचं, काय काय होतं? काही मुलं दोन सांगत, काही तीन, एक मुलगा दर वेळी फक्त लिंबू सांगे, ताटात लिंबू नसलं तरी. त्यांच्यातल्या एका चांदवडच्या मुलीने चार सांगितल्या तेव्हा तुमचा चेहरा असा काही फुलला की मी मान खाली घालून भाकरी खाल्ली. चहाचा नियम त्या दिवशीच मोडला.

ती मुलगी चौदा वर्षांची होती. अकरा जणांतली ती एकटीच तुमच्याकडे राहायची. दहाच्या पुढे तिला मोजता येत नव्हतं, आणि दोन कामं एकदम सांगितली तर ती दोन्ही विसरून उंबऱ्यात उभी राहायची. तिचे वडील चांदवडला आग्रा रोडवर पंक्चरचं दुकान चालवायचे. त्यांचं कार्ड आलं होतं, तुम्ही ते मला वाचायला दिलंत: पोरीत काही फरक पडला असेल तर कळवा, नाहीतर शाळेला सुट्टी लागली की येऊन घेऊन जातो, घरी तान्ह्याला सांभाळायला माणूस पाहिजे. तुम्हाला ती जायला नको होती. जूनपासून मोठ्या मुलांसाठी एक कामाची खोली काढायचं तुमच्या मनात होतं, आणि तिथे पहिली ती बसेल असं तुम्ही ठरवलं होतं. तिच्या वडिलांना दाखवायला तुमच्यापाशी टोपलीचा खेळ सोडून दुसरं काही नव्हतं.

मी सुट्टीच्या दिवशी यायला लागले. का, ते मला विचारू नका; तेव्हाही तुम्ही विचारलं नाहीत. तुमचे यजमान एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, त्यांचं स्टॉपवॉच भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असायचं. एके दिवशी मी ते काढलं आणि तुमच्या टोपलीची वेळ घेतली. बाकीच्या मुलांना टोपली साधारण दीड सेकंद उघडी मिळत होती. चांदवडच्या मुलीला जवळजवळ तीन. मी पाच वेळा मोजलं आणि मग सगळ्या मुलांसमोर तुम्हाला सांगितलं.

तुमचा हात पिठाचा होता, तो तसाच कमरेवर ठेवून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू इथे खेळायला येतेस की माणसं मोजायला?"

"मी टोपली मोजली. ती सारखी उचलली जात नाही."

"माझा हात आहे तो. यंत्र नाही."

"तेच म्हणतेय मी. तिला तुम्ही जास्त वेळ देता. उद्या तिच्या वडिलांनी हे पकडलं तर काय सांगणार?"

 मुलांना गंमत वाटली असावी, कारण लिंबूवाला मुलगा "बाईंना रागावली, बाईंना रागावली" करत दोन्ही खोल्यांतून फिरून आला. तुम्ही तीन भाकऱ्या भाजल्यात. चौथीला म्हणालात, "मग सारखी उचलली जाईल अशी टोपली करून दे. तेवढं शिकलीयस ना? का नुसतं तोंडच चालतं?"

पेटी करायला मला पाच सुट्ट्या लागल्या. द्राक्षांच्या दोन खोक्यांच्या फळ्या, काचेच्या जुन्या कपाटाच्या खाचेच्या पट्ट्या, विजेच्या घंटेतली तारेची गुंडाळी. पेटीला पुढे एक खिडकी, खिडकीच्या आत नऊ लहान चित्रं खोचायची जागा, तीन ओळी, प्रत्येकीत तीन. खिडकीवर खाचांतून सरकणारी एक लांब फळी, तिच्या मधोमध आडवी फट. वीज चालू असेपर्यंत गुंडाळी चुंबक होते, तिने वर फळीच्या लोखंडी पट्टीला धरून ठेवायचं. बटण दाबलं की ती सुटून खाली पडते आणि फट खिडकीवरून जाते तेवढाच वेळ चित्रं दिसतात, सेकंदाचा सुमारे दहावा भाग. मग पुन्हा कोरी फळी. मी तुम्हाला म्हणाले होते की पडणारी फळी कुणाचे लाड करत नाही. तुम्ही ती दहा-बारा वेळा पाडून पाहिलीत, दर वेळी दचकलात, आणि म्हणालात, "फार खडूस आहे गं. तुझ्यासारखीच."

पेटीपुढे चांदवडच्या मुलीची फजिती झाली. नऊपैकी दोन, कधी एक. दुसऱ्या मुलांनाही तेवढंच येत होतं, पण आपण तिच्यासाठी बसलो होतो. तुम्ही खचलात, मला ते दिसत होतं. मला मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं आणि ते नीट शब्दांत येत नव्हतं. फळी पडली की ती पहिली वस्तू चटकन सांगायची, अगदी ठाम. मग तुम्ही तुमच्या त्या मऊ आवाजात म्हणायचात, "हं, सावकाश. घाई नाही. नीट आठव." ती कोऱ्या फळीकडे बघत राहायची, जणू तिथे अजून काहीतरी आहे, आणि मग नजर काढून घ्यायची. संपलं. तुम्ही सगळ्यांना सावकाश म्हणायचात. या मुलांना भेटायला येणारं प्रत्येक चांगलं माणूस त्यांना सावकाशच म्हणतं.

मी म्हणाले, "बाई, तुम्ही सावकाश म्हणेपर्यंत तिच्याकडचं संपलेलं असतं."

मग मी तुम्हाला कपॅसिटर समजावला, तुमच्याच टेपरेकॉर्डरमधला काढून. हा विजेने भरतो, आणि बाजूने गळती असेल तर आपोआप रिकामाही होतो. काही पटकन गळतात, काही धरून ठेवतात. वरून सगळे सारखेच दिसतात. भरलाच नाही आणि भरून गळून गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण उशिरा मोजलं तर दोन्ही वेळा मीटरचा काटा शून्यावरच दिसतो. तुम्ही तो कपॅसिटर हातात घेऊन बराच वेळ पाहिलात, शेंगदाण्यासारखा. "मग गळायच्या आत विचारायला हवं," तुम्ही म्हणालात. तीन वर्षं तांत्रिक शिक्षण घेऊन मला जे एका वाक्यात सांगता येत नव्हतं, ते तुम्ही सांगून परत कांदा चिरायला लागलात.

नऊच्या नऊ सांगायला वेळ लागतो, म्हणून आपण एकच ओळ विचारायचं ठरवलं. कुठली, ते आधी सांगायचं नाही. मी खिडकीच्या कडेला तीन लाल दिवे बसवले, प्रत्येक ओळीशेजारी एक. फळी तळाला आपटली की त्या क्षणी एक दिवा लागायचा, आणि मुलाने फक्त त्याच ओळीतली तीन चित्रं सांगायची. कुठला दिवा लागणार हे माहीत नसताना कुठलीही ओळ सांगता आली, तर याचा अर्थ फळी पडल्यावरही तिन्ही ओळी क्षणभर डोळ्यांपुढे होत्या. एक खटका असाही ठेवला की दिवा एक सेकंद उशिरा लागावा.

चांदवडच्या मुलीला लगेच दिवा लागला की तीनपैकी तीन, कधी दोन. एक सेकंद उशिरा लागला की एक, बऱ्याचदा काहीच नाही. तुम्ही रडलात आणि चुलीचा धूर म्हणालात, घरात गॅस असताना. मी पुढचे चार आठवडे सगळ्यांना बसवलं आणि वहीत लिहिलं. लिंबूवाल्या मुलाला लगेच विचारा नाहीतर उशिरा, दोन यायचे ते दोनच यायचे. त्याचं भांडं लहान पण गळकं नव्हतं. एका मुलीला एकच यायचं. मग तुम्ही शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या दोघांना, दूधवाल्याला आणि तुमच्या नणंदेला बसवलंत, आणि त्यांच्यातही तसाच फरक निघाला, कुणी जास्त, कुणी कमी. सगळे मिळून पंधरा जण. पंधरा जणांवरून जगाबद्दल काही म्हणता येत नाही, हे मी वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे. पण 'मतिमंद' हा एकच शब्द लिहून खाली अकरा नावं घालणं बरोबर नाही, एवढं म्हणायला ते पुरेसं होतं. पेटीने ती मुलगी हुशार झाली नाही. दहाच्या पुढचं मोजणं तिला तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही.

वडील आले ते एका ट्रकमधून, भर दुपारी. मळखाऊ पायजमा, हातांच्या रेषांत काळं ग्रीस, खांद्यावर शेंगांचं पोतं. ओट्यावर बसून ते तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुमचे उपकार हाय. पर आता नेतो तिला. तिला काय दिसत नाय का काय, तेच कळत नाय. दुकानात म्हणलं, ती तिकडं कोपऱ्यात डब्याशेजारी मोठा पान्हा हाय, तो घे, पुसून आण आन् येताना आईला च्या टाकाय सांग, तर ही दोरी घेऊन येती."

"तुमचं एवढं ऐकून मीही दोरीच आणेन," तुम्ही म्हणालात.

ते हसले, पण पिशवी कुठे आहे म्हणून मुलीला विचारलंच. ती कपडे घेऊन आली. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी पेटीवरचं फडकं काढलं.

त्यांना पेटी समजायला दोन मिनिटं लागली. आधी त्यांनी ती मागून उघडून पाहिली, फळी हाताने वरखाली केली, खाचेला वंगण कमी आहे म्हणाले, जे खरं होतं. मग म्हणाले, "चित्रं मी भरणार. तुमी तिघी तिकडं तोंडं करा." चित्रांचा गठ्ठा घेऊन त्यांनी नऊ खोचली. तीनदा फळी पडली, दर वेळी नवी चित्रं, दिवा कुठला लावायचा तेही तेच ठरवत होते. मुलीने तीन सांगितली, मग दोन, मग तीन. मग ते स्वतः बसले, चित्रं तुम्ही भरलीत. दोन, एक, दोन. "परत पाडा," म्हणाले. परत तेवढंच. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"आता इंजिनेरबाई बसतील."

मी म्हणाले, मला चित्रं पाठ आहेत, मी बसले तर ते खरं होणार नाही.

"मग तर सोपंच हाय तुमाला. बसा."

मी पेटी बनवली, पंधरा जणांना तिच्यापुढे बसवलं, आणि स्वतः एकदाही बसले नव्हते. बनवणाऱ्याने बसू नये असं मी स्वतःला सांगितलं होतं. बसले. फळी पडते, दिवा लागतो, आणि मला आठवतंय ते इतकंच की फळीवर लाकडाची एक गाठ आहे आणि ती मी याआधी कधी पाहिली नव्हती. एक, दोन, एक. नऊपैकी मुलीचे आठ, वडिलांचे पाच, माझे चार. माझी चूक एकाच प्रकारची होती: पहिलं चित्र बरोबर, आणि पुढची न दिसता अंदाजाने सांगितलेली.

वडील गुडघ्यावर थाप मारून हसले. "लय शिकल्या तुमी, पर पोरीनं हाणलं तुमाला." मुलगी माझ्या अगदी जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. "ताई, चष्मा पूस," ती म्हणाली.

मग ते शेंगा फोडत बसले, फोडलेली शेंग मुलीला देत. उठताना त्यांनी दारामागून तुमची केरसुणी उचलून तिच्यापुढे धरली, लगेच पाठीमागे लपवली आणि ताबडतोब म्हणाले, "आन." तिने त्यांच्या पाठीमागे जाऊन ती हिसकून घेतली. "हां," ते म्हणाले. "म्हंजे आमीच लांबड लावीत व्हतो." पिशवी त्यांनी परत आत नेऊन ठेवली. "दिवाळीपातूर ऱ्हाऊ द्या. तान्ह्याचं बघू आमी."

ते गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात ओढलंत आणि माझा हात धरून म्हणालात, "मुद्दाम चुकलीस ना? कळलं मला. एवढी माया असेल तुझ्यात असं वाटलं नव्हतं." खिळ्यावरचं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलंत. यजमान गेल्यापासून त्याला तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हता, फक्त मी न विचारता लावला होता.

बाई, मी मुद्दाम चुकले नव्हते. मला चारच दिसली. त्याच वेळी सांगायला हवं होतं, तोंडाशी आलंही होतं, पण तुमच्या हातात माझा हात होता आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मायाळू म्हटलं होतं. मायाळू म्हणवून घेणं हे कमी दिसतं म्हणवून घेण्यापेक्षा बरं वाटलं. मी स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं आणि शेंगा घेऊन सायकलने घरी गेले.

ती दिवाळीनंतरही राहिली. कामाची खोली सुरू झाली, आमच्या कारखान्यातून रेझिस्टन्स, म्हणजे रेडिओत बसतात ते दाण्याएवढे भाग, निवडायचं काम मी मिळवून दिलं. त्यांच्यावर बारीक रंगीत पट्ट्या असतात, पट्ट्यांच्या रंगांवरून आणि क्रमावरून ते वेगळे करायचे. आधी नमुना दाखवून काढून घ्यायचो आणि समजावत बसायचो, सगळं विस्कटायचं. मग मी प्रत्येक खणाच्या तोंडाशी नमुना चिकटवूनच टाकला. तिला काही धरून ठेवावं लागत नाही, बघितलं की टाकलं. तुम्ही ते दीड वर्ष पाहिलंत. नंतरच्या थंडीत तुम्ही गेलात, आणि तोपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही माझ्या मायेची गोष्ट सांगून ठेवली होती. तुमच्या शोकसभेतही कुणीतरी ती सांगितली. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकली. आपली चांगली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कुठे बघायचं हे मला तेव्हाही कळलं नाही.

ती गोष्ट तेव्हा निरुपद्रवी वाटली होती. तशी नव्हती. त्या गोष्टीत मी जिंकवते आणि ती जिंकवली जाते. तिचे आठ खरे होते, मी दिलेले नव्हते, आणि तुम्ही, ज्यांनी टोपली जास्त वेळ धरली म्हणून माझ्याकडून बोलणी खाल्लीत, त्या तुम्ही जाताना असं समजून गेलात की शेवटी टोपली मीही जास्त वेळ धरली.

गेल्या महिन्यात कामाच्या खोलीत पाहुणे आले होते. ती आता चोवीस वर्षांची आहे, टेबलाच्या पहिल्या खुर्चीवर बसते आणि नव्या मुलींना हाताखाली घेते. आताच्या मुख्याध्यापिकांनी पाहुण्यांना पेटी दाखवली आणि गोष्ट सांगितली: या मॅडम तेव्हा मुद्दाम हरल्या. ती मान वर न करता, हातातला रेझिस्टन्स खणात टाकत म्हणाली, "मुद्दाम नाय. तिला दिसलंच नाय." सगळे हसले. मी म्हणाले, "बरोबर आहे तिचं." ते आणखी हसले आणि एक बाई म्हणाल्या, किती नम्र आहेत.  तिने मात्र माझ्याकडे बघितलं, आणि दहा वर्षांत ती मला इतकी खूष झालेली दिसली नव्हती.

शाळा यंदा स्मरणिका काढते आहे, माझ्याकडे तुमच्याबद्दल दोन पानं मागितली आहेत. मी ती लिहायला बसले आणि त्याचं हे पत्र झालं, आणि हे छापायला द्यायचं नाही, एवढं ठरलं आहे. दोन पानं वेगळी लिहिली आणि काल देऊन आले. त्यांत पेटीची मापं आहेत, फळी, फट, दिवे. तुमचं गळायच्या आत विचारण्याचं वाक्य आहे. माझ्या मायेची गोष्ट नाही. शेवटी त्या दुपारचे तीन आकडे जसेच्या तसे दिले आहेत, तिच्या आठांपुढे तिचं पूर्ण नाव घालून, पाचांपुढे तिच्या वडिलांचं. चारांपुढे मी 'एक प्रौढ व्यक्ती' असं लिहिलं आहे.